वजनाच्या ऑपरेशननंतर मन बसलंय. ४७ किलो गेले, रडू मात्र येतंय

पेठेतली | ८ जुलै, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचनमात्र होतो, लिहितोय पहिल्यांदाच. आधीच सांगतो, मी बाई आहे. कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. आमच्याकडं बायका 'गेलो, आलो, जेवलो'च म्हणतात आणि मला लिहितानाही दुसरं सुचत नाही. तेव्हा 'दादा' म्हणून उत्तरं देऊ नका.

वय ४१. घरची मटणाची खानावळ आहे. सासऱ्यांनी चालू केलेली, आता मालक (म्हणजे नवरा), आत्ती (म्हणजे सासूबाई) आणि मी बघतो. सोळा महिन्यांपूर्वी माझं वजनाचं ऑपरेशन झालं, बायपास. तेव्हा वजन ११८, उंची पाच फूट दोन इंच. नऊ वर्षांची शुगर, गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री तोंडाला मशीन. आज वजन ७१. शुगरच्या गोळ्या बंद, मशीन माळ्यावर. चैत्रात जोतिबाच्या पायऱ्या चढून आलो, मधे एकदाच बसलो.

मग तक्रार कसली? तेच धड सांगता येत नाही.

खानावळीत रश्श्याची शेवटची चव माझी असायची. पळीतला रस्सा तळहातावर घ्यायचा, चाटायचा आणि सांगायचं, मीठ एवढं, चटणी एवढी, पांढऱ्याला अजून एक उकळी नको. वीस वर्षांत मीठ कधी मोजून टाकलं नाही. ऑपरेशननंतर मटणाचा वासच नको झाला. तळहातावर रस्सा घेतला की पोटात ढवळतं. दोन महिने नाक दाबून केलं, मग एक दिवस भगुल्याजवळच उलटी झाली. तेव्हापासून चव आत्ती बघतात. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती माझ्या हातातली पळी घेतली. त्या दिवसापासून मी गल्ल्यावर बसतो. गिऱ्हाइकं म्हणतात, "वैनी, वळखूच आला न्हाईसा, लई भारी!" मी हसतो. मागं जाऊन रडतो.

सकाळी चारला जाग येते आणि उठायचं कशाला असं वाटतं. कापड खरेदीचा नाद होता, आता आरशापुढं उभं राहवत नाही, पोटाची कातडी लोंबते. बहीण म्हणते, आता तरी मजा कर. कसली? आखाड चालू आहे, गल्लीत पी-ढबाक वाजतंय, घराघरात मटण शिजतंय, आणि मी वाटीभर मुगाचं कढण घेऊन आत बसलोय. सगळे जेवत असताना मी चार घास खाऊन गप्प बसलो की बाकीच्यांचेही हात थांबतात. म्हणून हल्ली पंगतीलाच जात नाही.

त्यात दुसरं एक. आठवड्यातून दोन-तीनदा अचानक छाती धडधडते, घाम फुटतो, हात कापतात, आता मरतोय असं वाटतं. आत्तींनी दृष्ट काढली, अंगारा लावला. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे, घेऊ नका.

ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालं. आधी एक मॅडम येऊन दहा मिनिटं बोलून गेल्या होत्या. "मनाची तयारी आहे ना?" मी हो म्हणालो, त्यांनी कागदावर खूण केली. आता फोन येतो तेव्हा वजन किती एवढंच विचारतात. ७१ म्हटलं की "व्हेरी गुड".

कुणाला असं झालंय का? की मीच नाटकी आहे?

---

सांगलीचा_अण्णा | ९ जुलै, सकाळी ७:१०

ताई, नाटकी नाही. माझी स्लीव्ह झालीय (जठर कापून लहान करतात ते), साडेतीन वर्षं झाली. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तेव्हा वाटलं टक्कलच पडतंय. ते आले परत. पण तुम्ही जेवणाचं लिहिलंय ना, ते वाचून सकाळी सकाळी गलबलून आलं. माझा तीस वर्षांचा ग्रुप होता, दर बुधवारी ढाब्यावर. आता बोलवतात, पण बोलावताना "येतोस का? नाही म्हणजे, तुला काय..." असं करतात. मैत्री ताटावर होती हे मला पोट कापल्यावर कळलं.

---

कट्टा_नंबर_एक | ९ जुलै, सकाळी ९:३४

राग मानू नका, पण लाखो रुपये घालून पोट कापायचं आणि मग रडत बसायचं हे काय पटत नाही. आमचे आजोबा गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन हजार जोर मारायचे. रंकाळ्याला रोज फेऱ्या मारल्या असत्या तर ही वेळ आली नसती. मन खंबीर पाहिजे.

---

निळी_छत्री | ९ जुलै, सकाळी ९:५१

@कट्टा_नंबर_एक, आजोबांना नमस्कार सांगा. ११८ किलोचे गुडघे घेऊन रंकाळ्याला एक फेरी मारून दाखवा, मग बोलू.

---

डॉ_मनकवडा | ९ जुलै, दुपारी २:२०

मी मानसोपचाराचं काम करतो. इथं निदान करत नाही, करूही नये, पण पेठेतली ताईंच्या लिखाणात दोन गुंते एकमेकांत अडकलेले दिसतात, तेवढे सोडवायचा प्रयत्न करतो.

आधी ती धडधड. ताई, पुढच्या वेळी होईल तेव्हा त्याच क्षणी साखर तपासा. शुगर होती म्हणजे घरात ग्लुकोमीटर असणार. बायपासमध्ये जठराचा अंड्याएवढा कप्पा ठेवून तो थेट लहान आतड्याला जोडतात. गोड किंवा पातळ पिठूळ काही घेतलं की ते धाडकन आतड्यात उतरतं, रक्तातली साखर झपकन चढते, त्यावर इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, आणि खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत साखर खाली कोसळते. घाम, थरथर, धडधड, भीती. तंतोतंत पॅनिक अटॅकसारखं. याला उशिराचं डंपिंग म्हणतात. खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत पोटात कळ, मळमळ, गरगरणं होतं ते लवकरचं डंपिंग, तो प्रकार निराळा. टेन्शन आहे म्हणून गोळी देऊन अशा माणसाला घरी पाठवणं आमच्या धंद्यातही घडतं, लपवत नाही. ७० च्या खाली आकडा आला तर तो लिहून ठेवा आणि सर्जनला दाखवा. मात्र आकडा चांगला असताना भीती आली तर ती खरोखर मनाची, तिचा इलाज निराळा. दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

दुसरं, रक्त. बी-१२ शोषून घ्यायला जठरातून येणारा एक घटक लागतो. बायपासनंतर अन्न त्या भागाला भेटतच नाही. त्यात तुम्ही नऊ वर्षं शुगरच्या गोळ्या घेतल्यात. त्यात मेटफॉर्मिन असेल तर ऑपरेशनच्या आधीच बी-१२ उतरलेलं असायची शक्यता आहे. यकृतात साठा असतो, म्हणून पहिले काही महिने सगळं ठीक दिसतं आणि वर्ष-दीड वर्षाने उदासी, विसराळूपणा, हातापायाला मुंग्या सुरू होतात. लोह आणि ड जीवनसत्त्वही बघून घ्या. आणि हे सगळ्यांसाठीच: ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील तर थायमिन, म्हणजे बी-१, काही आठवड्यांत संपतं. गोंधळल्यासारखं बोलणं, डोळे तिरळे होणं, चालताना झोक जाणं, असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तिथं वाट बघणं परवडत नाही.

एवढं सगळं तपासून ठीक निघालं तरी उरतं ते उरतंच. पहाटे चारला जाग, कशातच मन न लागणं, पंगत टाळणं. ऑपरेशननंतर पहिले सहा महिने ते वर्षभर बहुतेकांचं मन आधीपेक्षा चांगलं असतं. वजन रोज उतरतं, लोक वाखाणतात. मग काटा थांबतो, वाखाणणं थांबतं, आणि आधी जे दुखणं जेवणाच्या आड झाकलेलं होतं ते उघडं पडतं. तुमचा सोळावा महिना आहे, हा बरोबर तोच काळ.

आता एक सरळ प्रश्न, उत्तर इथं लिहायची सक्ती नाही. उठायचं कशाला असं वाटतं असं लिहिलंत. त्यापुढं जाऊन जगूच नये असा विचार येतो का? येत असेल तर आजच मालकांना सांगा. टेली-मानसचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) केसपेपर काढूनही मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवता येतं.

---

पेठेतली | १० जुलै, रात्री १२:१५

डॉक्टरसाहेब, वाचून दोन तास नुसता बसून होतो.

विचार येतो. तसं काही करायचा नाही, पण सकाळी जाग आलीच नसती तर बरं झालं असतं, एवढा येतो. तुमचं वाचल्यावर मालकांना मोबाईलच हातात दिला. ते वाचताना एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं माझ्यावर राग हाय तुझा." एका घरात राहून हे असं.

मेटफॉर्मिनच होती, दिवसाला दोन. ग्लुकोमीटर सापडला, पट्ट्यांची तारीख उलटून गेलीय, उद्या नव्या आणतो. आणि एक आठवलं. गेल्या गुरुवारी सकाळी दत्ताच्या देवळातला शिरा खाल्ला होता, मूठभर. साडेअकराला गल्ल्यावर घाम फुटला.

कट्टावाल्या भावाला: माझे वडीलच तालमीतले. खंबीर मन काय असतं ते घरात बघितलंय. ते खंबीर होते, म्हणूनच शेवटपर्यंत कुणाला काही बोलले नाहीत.

---

आकडेमोड | १० जुलै, सकाळी ११:०५

या विषयावर थोडं वाचन आहे म्हणून लिहितो. घाबरवायचा हेतू नाही.

अमेरिकेत २०१६ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ऑपरेशनसाठी येणाऱ्यांपैकी साधारण १९ टक्के लोकांना आधीपासूनच नैराश्य होतं आणि १७ टक्के लोकांना भान सुटून खाण्याचा विकार. ऑपरेशननंतर नैराश्याचं प्रमाण एकूणात कमी झालेलं दिसलं. म्हणजे ऑपरेशनने माणूस खचतो हे सरसकट खरं नाही.

दुसऱ्या बाजूला कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या ८,८१५ जणांची नोंद आहे. ऑपरेशनच्या आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं ताडून पाहिली तर स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या विभागात यावं लागण्याच्या घटना नंतर सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्या होत्या. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण एकूण माणसं १११, आणि ९३ टक्के घटना आधीच मानसिक आजाराचं निदान झालेल्यांमध्ये. स्वीडनमध्ये १९८७ पासून चालू असलेल्या मोठ्या अभ्यासातही स्वतःला इजा करून घेण्याचा धोका ऑपरेशन झालेल्यांत जास्त निघाला. त्याच अभ्यासात एकूण मृत्यू मात्र ऑपरेशन झालेल्यांत कमी होते.

माझ्या मते यातून निघतं ते एवढंच की ज्यांच्या मनाचा आजार आधीपासून माहीत आहे त्यांच्यावर नंतर दोन-तीन वर्षं तरी नजर ठेवायला हवी होती, आणि तिथंच बोंब आहे. दहा मिनिटांची मॅडम हे काही एकट्या पेठेतली ताईंच्याच वाट्याला आलेलं नसणार.

---

विचारात_पडलेला | १० जुलै, दुपारी ४:४०

माझी तारीख पुढच्या महिन्यातली आहे. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४२. विम्याची मंजुरी आलीय (आमच्या पॉलिसीत ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, असंच आहे). बायकोला हा धागा दाखवला तर ती म्हणते रद्द करा. मी सहा वर्षं नैराश्याची गोळी घेतो, सर्जनला सांगितलं नाही. सांगितलं तर ऑपरेशन नाकारतील अशी भीती.

---

डॉ_मनकवडा | १० जुलै, रात्री ९:३०

@विचारात_पडलेला, सांगा. उद्याच. नैराश्य आहे म्हणून सहसा कुणी नाकारत नाही. ते आटोक्यात नसेल तर थोडं थांबवतात, आणि थांबलेलंच बरं असतं.

न सांगण्यातला खरा धोका वेगळाच आहे. बायपासनंतर गोळ्यांचं शोषण बदलतं. नैराश्याच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण पहिल्या महिन्यांत बरंच उतरू शकतं. तुम्ही रोज गोळी घेत राहाल आणि शरीराला निम्मीच पोचेल. पाकिटावर एसआर, एक्सआर, ईआर असं काही लिहिलं असेल तर ती गोळी हळूहळू विरघळायला केलेली असते, लांब आतड्याच्या भरवशावर. ती बहुधा साध्या गोळीत बदलावी लागते. आणि ती कुटून खायची नाही, ते वेगळंच संकट. कुणी लिथियम घेत असेल तर उलटं होतं, रक्तात वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणून सर्जन आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना एकमेकांचा फोन नंबर ठाऊक हवा. आणि गोळी स्वतःहून बंद करू नका, हे तर आलंच.

---

निळी_छत्री | ११ जुलै, सकाळी १०:२२

मी आधी नुसती भांडून गेले होते, आता खरं लिहिते. मी पेशंट नाही, पेशंटची बायको आहे. आम्ही इचलकरंजीचे. ह्यांचं बायपास दोन वर्षांपूर्वी. आधी महिन्यातून एखादी बिअर, तीही लग्नात. ऑपरेशननंतर वर्षभर शिस्तीत. मग जेवणाच्या बैठकीत जेवता येत नाही म्हणून हातात ग्लास धरायला लागले, "तेवढंच बसल्यासारखं वाटतं." आता रोज आहे. विचित्र म्हणजे अर्ध्या ग्लासातच चढते, तासाभरात उतरते, मग परत. दीरांना वाटतं मी तिखटमीठ लावून सांगते. वजन कमी झालंय ना, मग अजून काय पाहिजे, असं सासरे मला विचारतात.

---

आकडेमोड | ११ जुलै, सकाळी १०:५८

तिखटमीठ नाही. अमेरिकेत जवळपास दोन हजार रुग्णांच्या पाहणीत दारूचा विकार ऑपरेशनच्या आधीच्या वर्षात ७.६ टक्के, नंतरच्या दुसऱ्या वर्षात ९.६ टक्के आढळला होता, २०१२ सालचा लेख. पहिल्या वर्षात वाढ नव्हती. बायपासमध्ये जास्त. तुम्ही लिहिलंत तस्संच, दुसऱ्या वर्षी.

---

डॉ_मनकवडा | ११ जुलै, दुपारी १:१५

बायपासनंतर दारू जठरात थांबत नाही, थेट आतड्यात जाते, त्यामुळे पटकन आणि जोरात चढते. जी गोष्ट इतक्या पटकन मेंदूला खूश करते तिचं व्यसनही पटकन लागतं. निळी_छत्री ताई, त्यांना घेऊन या. ते येत नसतील तर तुम्ही एकट्या या, तेही चालतं, सुरुवात तशीच होते बऱ्याचदा. आणि त्यांनी दारू एकदम तोडायची ठरवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू देऊ नका. रोज पिणाऱ्याला अचानक थांबवल्यावर झटके येऊ शकतात.

---

पुणेरी_पाटी | ११ जुलै, रात्री ८:०३

अवांतर: धागाकर्ती ताईंच्या 'मी जातो'वरून आमच्या घरी वाद पेटला आहे. माझी बायको कागलची, ती म्हणते हेच बरोबर. बाकी धागा गंभीर आहे, क्षमस्व.

---

कट्टा_नंबर_एक | ११ जुलै, रात्री ८:४५

तुमच्या मिसळीत पाव असतो, त्यावरूनच कळतं भाषेचं काय झालंय. आमच्यात स्लाईस.

आणि वैनी, परवाचं मनावर घेऊ नका. घरी बोललो तर आईनं झापलं. माझ्या चुलतभावाचं पण झालंय हे ऑपरेशन. त्याला फोन केला तर तो तासभर बोलला. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून पहिल्यांदा इतकं बोलला असंल. त्याला काट्याची भीती बसलीय. दिवसातून चार-पाचदा वजन करतो, पाण्याचा तांब्या प्यायला तरी आधी-नंतर. दोन किलो वाढलं तर दोन दिवस जेवला नाही. मी त्याला काय सांगू?

---

सांगलीचा_अण्णा | १२ जुलै, सकाळी ६:५०

त्याला सांगा, दीड-दोन वर्षांनी तळाला गेलेलं वजन थोडं वर येतंच, बहुतेकांचं. माझं पाच किलो आलं. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मी पण उपाशी राहिलो होतो, आणि प्रथिनं कमी पडून चक्कर येऊन बाथरूममध्ये आपटलो. आता काटा मेव्हण्याच्या घरी ठेवलाय. पंधरा दिवसांतून एकदा जातो, चहा (बिनसाखरेचा) पितो, वजन करतो. हसू नका, उपयोग होतो.

अजून एक, पेनकिलर. बायपासवाल्यांनी डोकं दुखलं की कॉम्बिफ्लामसारखं काही तोंडात टाकू नये, जोडलेल्या जागी अल्सर होतो. माझ्या ओळखीत एकाला झालाय.

---

पेठेतली | २१ जुलै, रात्री ११:३०

आकडा आला. ५४.

शनिवारी बहिणीकडं कुणाच्यातरी बारशाला गेलतो. पेढा अर्धा आणि सरबत अर्धा ग्लास. दोन तासांनी रिक्षात सुरू झालं. पर्समध्ये ग्लुकोमीटर होता. हात इतका कापत होता की बोट टोचायला रिक्षावाल्यानं मदत केली, बाजूला घेऊन थांबला बिचारा. ५४ बघून मला काय वाटलं असेल? आनंद! वेड लागलं नाही हे मशीनच सांगत होतं. ग्लुकोज घेतलं, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं, मग त्यानं पैसे घेतले नाहीत.

सर्जनला फोन केला. ह्या वेळेला वजन सांगायच्या आधी आकडाच सांगितला. त्यांनी आहार बदलून दिलाय. गोड पातळ बंद, दर वेळी आधी अंडं, पनीर नाहीतर डाळ, जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं. तेव्हापासून आठवड्यात एकदाच झालं.

पण एकदा रात्री झालं तेव्हा मीटरमध्ये ९८ होते. म्हणजे ते दुसरं. डॉक्टरसाहेबांनी लिहिलं होतं तसंच.

बी-१२ फारच कमी निघालं, इंजेक्शनं चालू झाली. मानसोपचारवाल्या मॅडमकडंही गेलो, मालक बरोबर होते. नऊ प्रश्नांचा कागद दिला होता, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं म्हणून. २७ पैकी १७ आले. ह्या मॅडमनं खूण करून कागद बाजूला ठेवला नाही, प्रत्येक प्रश्नावर थांबल्या. पाऊण तास. गोळी लिहिली, साधी, एसआर नाही. मीच विचारून घेतलं, त्या हसल्या.

त्यांनी विचारलं, ऑपरेशनच्या आधी वाईट वाटलं की काय करायचात? मी म्हणालो, खायचो. मग आनंद झाला की? खायचो. भांडण झालं की? मग मीच गप्प झालो. म्हणाल्या, तुमच्या घरातलं माणूस गेल्यासारखं आहे हे, सुतक पाळायला कुणी वेळ दिला नाही एवढंच.

---

विचारात_पडलेला | २२ जुलै, सकाळी ९:१२

मी सर्जनला सांगितलं. त्यांनी तारीख सहा आठवडे पुढं ढकलली, गोळी बदलून स्थिरावेपर्यंत. रागावले नाहीत. बायको आता ठीक आहे म्हणते.

---

निळी_छत्री | २९ जुलै, रात्री १०:१०

मी एकटीच जाऊन आले. ते अजून तयार नाहीत. पण मी गेले होते हे त्यांना सांगितलं, आणि त्या रात्री त्यांनी ग्लास भरला आणि तसाच ठेवला. सकाळी ओतला मी. बघू.

---

पुणेरी_पाटी | १४ सप्टेंबर, सायंकाळी ५:३०

धागा वर काढतोय. पेठेतली ताई, कशा आहात?

---

पेठेतली | १६ सप्टेंबर, रात्री १२:०५

आहे. बरा आहे असं म्हणत नाही, पण पहाटे चारऐवजी साडेपाचला जाग येते. पंधरा-वीस दिवस तर गोळीनं काही होतच नव्हतं, सोडून देणार होतो. मॅडमनी फोनवर अजून थांबायला लावलं.

खानावळीचं सांगतो. गेल्या आठवड्यात आत्तींना ताप आला आणि रविवारची गर्दी. मालक म्हणाले, मोजून टाकू मीठ. मी म्हणालो, मोजून रस्सा होत नसतोय. पळी घेतली, तळहातावर थेंबच घेतला, एवढासा, जिभेला लावला आणि थुंकला. ढवळलं थोडं, पण उलटी झाली नाही. मीठ कमी होतं. सांगितलं. आत्ती आतून अंथरुणातनं ओरडल्या, "चटणी पण बघ गं!"

चटणीपण कमी होती. यंदाची कांदा-लसूण चटणी डंकावरनं आणताना मी गेलो नव्हतो, मिरची फिकी आलीय, ते तेव्हाच कळायला पाहिजे होतं कुणालातरी.

कातडीचं तसंच आहे. प्लास्टिक सर्जरीचा खर्च ऐकला आणि फोन ठेवला. पंगतीला अजून बसत नाही, वाढायला उभा राहतो.

@कट्टा_नंबर_एक, चुलतभावाचं काय झालं?

---

कट्टा_नंबर_एक | १६ सप्टेंबर, सकाळी ८:२०

वैनी, त्याचा काटा आमच्या घरात आणून ठेवलाय, अण्णांच्या सांगण्यावरनं. आता रोज सकाळी आमच्याकडं येतो. वजन करू देत नाही, पण येतो. रंकाळ्याला एक फेरी मारतो आम्ही दोघं. मलाच धाप लागते.